पासवाल्या बाईंची यादी

बेटावर युद्ध येऊ शकतं, ही बातमी आमच्यात सगळ्यांत आधी पासवाल्या बाईंना कळली, आणि सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत त्यांनी ती कोणालाही सांगितली नाही. मागाहून हे समजलं तेव्हा अर्ध्या बेटाला युद्धापेक्षा याचंच आश्चर्य जास्त वाटलं. कारण जेटीवरच्या ज्या खिडकीतून बाई बोटीचे पास द्यायच्या, त्याच खिडकीतून कोणाची सून माहेरी का राहिली आणि मुख्याध्यापकांनी केस कधीपासून रंगवायला घेतले, हेही मिळायचं. रांग पासाची म्हणायची, पण महिना सुरू व्हायला पंधरा दिवस असताना कोण पास काढतं?

एकोणतीस वर्षं त्या एकाच खुर्चीत. काचेला गोल भोक, शिक्क्याची शाई, निळ्या कापडी बांधणीच्या सहा वह्या, आणि भिंतीवर बोटीच्या वेळांचा फळा. तो फळा रोज सकाळी बाई स्वतः खडूने लिहायच्या. माणसं त्यांना पासाच्या नंबराने पाठ. "काय हो सातशे तीस, जावई येऊन चार दिवस झाले म्हणे, जायचं नाव घेत नाही?" पासाला फोटो लागायचा. कोणी जुना आणला की बाई तो उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "हा फार देखणा आहे. आता जो समोर उभा आहे त्याचा आणा."

अशा या बाई घरी मात्र एका माणसाशी अकरा वर्षं एक शब्द बोललेल्या नव्हत्या. ती त्यांची नणंद. घर दुमजली, खाली बाई आणि त्यांचा नवरा, वर नवऱ्याची थोरली बहीण. भांडण कशावरून झालं याच्या तीन हकिकती होत्या. त्यातली पाण्याच्या टाकीचा नळ रात्रभर कोणी उघडा ठेवला, ही मला सगळ्यांत खरी वाटते, कारण ती सगळ्यांत मूर्खपणाची आहे. नवरा रेडिओ दुरुस्त करायचा, आणि उरलेल्या वेळात निरोप पोचवायचा. "ताईंना सांगा, टाकी भरली." हा वर. "तिला सांग, मला डोळे आहेत." हा खाली. बेटावर त्याला सगळे टपाल म्हणायचे. तोही त्या नावाला ओ द्यायचा. न देऊन सांगतो कोणाला?

नणंदबाई शिवणकाम करायच्या, आणि बेट सोडून कधी जायच्या नाहीत. एकोणीस वर्षांच्या असताना एकदा बोटीत बसल्या, वाटेत समुद्र उसळला, आणि परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं की यापुढे पाण्यावर पाय ठेवणार नाही. लग्न झालं नाही ते त्यामुळेच. दोन स्थळं सांगून आली, दोन्ही पलीकडच्या किनाऱ्याची. त्यातलं दुसरं तर फार चांगलं होतं. घर, नोकरी, दात, सगळं जागच्या जागी. पण सासरी जायला बोटीत बसावं लागलं असतं.

तर त्या दिवशी दहाच्या बोटीने एक तरुण साहेब उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात लाखेने बंद केलेलं पाकीट. त्यांनी बाईंच्या खोलीचं दार आतून लावलं आणि पाकीट फोडून वाचून दाखवलं. शत्रूच्या तोफा लागू शकतात. कधी, ते सांगता येत नाही. भोंगा झाला की तिथून तीन दिवसांत बेट रिकामं करायचं. त्याचा आराखडा आठवड्याच्या आत पाठवायचा.

"सगळं बेट?" बाईंनी विचारलं.

"सगळं."

"आणि परत कधी यायचं?"

साहेबांनी कागद उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली. "ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"मोठी जहाजं येतील ना?"

"मोठ्या जहाजांना दुसरी कामं आहेत. तुमची ही एकच बोट."

बाई बसलेल्याच होत्या, तरी त्यांना आणखी कुठेतरी बसावंसं वाटलं. बाहेर कोणीतरी काचेवर टकटक करत होतं आणि त्या बघत होत्या, पण त्यांना ते कोण हे ओळखू येईना. ज्या बाईंना दोन हजार माणसं नंबरासकट पाठ, त्यांना खिडकीत उभा असलेला रोजचा न्हावी ओळखता आला नाही. तो बिचारा पाच मिनिटं टकटक करून निघून गेला आणि दुकानात येऊन म्हणाला, "बाईंना झटका आलाय."

साहेबांची अडचण वेगळी होती. बेटावर माणसं किती, हेच कोणाला नक्की माहीत नव्हतं. शेवटची मोजणी बारा वर्षांपूर्वीची. तेवढ्यात बाई सावरल्या आणि एक वाक्य बोलल्या. "मोजायला कशाला हवं? सगळ्यांचे पास माझ्याकडे आहेत."

एवढ्या खात्रीने त्या बोलल्या की साहेबांनी ते तसंच टिपून घेतलं.

मग चार दिवस बाई खिडकी अर्धी लावून आराखडा करत बसल्या. पास निघाले दोन हजार एकशे अठ्ठेचाळीस. बोटीत माणसं मावतात एकशे ऐंशी. उजेडाचे तास बारा, एका फेरीला तीन तास, म्हणजे दिवसाला चार फेऱ्या, तीन दिवसांत बारा. बारा फेऱ्यांत दोन हजार एकशे साठ माणसं. बारा जागा उरल्या! बाईंना इतका आनंद झाला की त्या साहेबांना म्हणाल्या, "बघा, आमचं बेट युद्धाच्या मापाचंच आहे." आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला.

माणसं फेऱ्यांत बसवताना मात्र बाईंनी एकोणतीस वर्षांची सगळी विद्या पणाला लावली. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ वेगळ्या दिवशी. शाळेची मुलं मास्तरीणबाईंच्या हाताखाली, पहिल्या फेरीत. आणि बेटावरचा सगळ्यांत बडबड्या माणूस ज्या फेरीत, त्याच फेरीत कमी ऐकू येणारे सातही जण. साहेबांनी विचारलं, "हे असं का?" बाई म्हणाल्या, "पन्नास मिनिटांचा प्रवास आहे, साहेब. माणुसकी नको का?"

पाचव्या दिवशी दुपारी त्या जेवायला घरी गेल्या. यादी तारेने पलीकडे गेली होती. टपाल समोर बसलेला. वर शिवणयंत्र चालू होतं, खडखड खडखड, नेहमीसारखं. टपालाने घास तोंडात घालताना वर छताकडे बघितलं आणि सहज विचारलं, "ताईला कितव्या फेरीत घातलंस?"

बाईंचा हात ताटातच राहिला.

वर यंत्र थांबलं, कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली. बाई त्या एकेका आवाजाकडे बघत होत्या. आवाजाकडे कसं बघतात ते मला विचारू नका, टपालाने तसंच सांगितलं.

"घातलीस ना?" तो म्हणाला.

"त्यांचा पास नाही," बाई म्हणाल्या.

"पास कसा असेल? ती बोटीत बसते कुठे?"

आणि तेव्हा बाईंच्या डोळ्यांपुढे एकामागून एक माणसं यायला लागली. पलीकडे ज्यांचं कोणी नाही म्हणून जे कधी गेले नाहीत, ते. अंथरुणाला खिळलेले. पाण्याला भिणारे. आणि पाच वर्षांखालची पोरं! त्यांना बोट फुकट, म्हणून त्यांना पास नाही, म्हणून ती कुठल्याच वहीत नाहीत. बाईंनी आयांना फेऱ्यांत बसवलं होतं आणि त्यांच्या कडेवरच्या पोरांना बेटावर ठेवलं होतं. त्या हात न धुता उठल्या आणि तशाच जेटीकडे पळत सुटल्या. बाईंना पळताना त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. दुकानांतून माणसं बाहेर आली. न्हाव्याला वाटलं, सुरू झालं! त्याने अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच टाकलं.

दवाखान्यातल्या नर्सला घेऊन बाई दोन दिवस घरोघर फिरल्या. पाच वर्षांखालची मुलं एकशे एकाहत्तर. कधीच बोटीत न बसलेली मोठी माणसं दोनशे एक्केचाळीस. एकूण चारशे बारा.

आता बेटावर काय बोललं गेलं असेल ते तुम्हीच ओळखा. चारशे बारांपैकी चारशे अकरा बाजूला राहिले आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: बाईंनी नणंदेला मुद्दाम वगळलं. "अकरा वर्षांचा सूड हो!" असं मिटक्या मारत सांगणारे लोक होते. मी म्हणायचो, अरे, एकीला वगळायला एवढी तान्ही पोरं कशाला सोबत घ्यायची? पण माझं कोण ऐकतं. माझी ख्याती आधीच बरी नाही.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "आराखडा गेला," ते म्हणाले. "फेऱ्या बारा. जागा बारा. आणि तुम्ही मला चारशे माणसं आणून देताय." त्यांनी संध्याकाळी बोटीच्या लोकांना जेटीवरच्या प्रतीक्षालयात बोलावलं. कप्तान आले, इंजिनवाला आला. कप्तानांची बायको तिथेच चहाचं दुकान चालवायची, ती कपबशा विसळत होती. आणि दाराशी आम्ही रिकामटेकडे होतोच.

"आणखी तीन फेऱ्या हव्यात," साहेब म्हणाले. "दिवसाला एक जास्त. काही करता येईल का?"

बाई भिंतीवरच्या फळ्याकडे बघत होत्या. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. चढउतार दोन्हीकडे वीस वीस. आणि पलीकडच्या जेटीवर 'इंजिन थंड करणे, चाळीस मिनिटं'. ही ओळ बाईंनी एकोणतीस वर्षं रोज स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. इंजिन थंड करावं लागत नाही, हे सगळ्या बेटाला माहीत होतं. कप्तान त्या चाळीस मिनिटांत कुठे जातात, हेही सगळ्या बेटाला माहीत होतं. पलीकडे गोदामाच्या मागे त्यांची एक बाई होती. मी स्वतः तिच्या घराच्या पडद्यांचा रंगसुद्धा चारचौघांत सांगितला होता. पण कप्तानांच्या तोंडावर हे कोणी काढायचं नाही, एवढी रीत आम्ही पाळली होती.

बाई उठल्या, त्यांनी ओला फडका घेतला आणि ती ओळ पुसून टाकली.

"इंजिन तापतं," इंजिनवाला खाली बघत म्हणाला.

"इंजिन काही तापत नाही," बाई म्हणाल्या. "कप्तान, तुम्ही तिथे कोणाकडे जाता ते जा, माझं काही म्हणणं नाही. पण त्या तीन दिवसांत जाऊ नका. तिला चार दिवस वाट बघू दे. माझी तान्ही पोरं राहिलीत इकडे. माझी नणंद राहिलीय."

बाहेर बोट जेटीच्या टायरांना घासत होती. आम्ही सगळे कप्तानांच्या बायकोकडे बघत होतो. तिने कप पुसून उपडा ठेवला.

कप्तानांनी टोपी काढली. साठीचा माणूस, वाऱ्यापावसात सुकाणू धरून उभा राहिलेला. "कोणी बाई नाही," ते म्हणाले. "मला बोट लागते."

"काय?" साहेब म्हणाले.

"बोट लागते. पहिल्या दिवसापासून. जाताना दाबून धरतो. तिकडे पोचलो की गोदामात पोत्यांवर उताणा पडतो. चाळीस मिनिटं पडलो नाही, तर परतीत उभा राहू शकत नाही."

मी तुम्हाला खरं सांगतो, तोफेचा गोळा पडला असता तरी आमची तोंडं इतकी उघडी राहिली नसती. तीस वर्षांचं प्रकरण! त्यातल्या बाईला आम्ही घर दिलं होतं, पडदे दिले होते, मागच्या वर्षी तर आजारीसुद्धा पाडली होती. सगळं एका वाक्यात गेलं.

"आणि तुम्ही हे ऐकून घेत होता?" साहेबांनी कप्तानांच्या बायकोला विचारलं.

"लोक बोलायचे, बोलू दिलं," ती म्हणाली. "बोट लागणाऱ्या माणसाला बोटीवर कोणी ठेवलं असतं का? त्याची नोकरी गेली असती." मग तिने आमच्याकडे एकदा नजर फिरवली. तिच्या त्या नजरेने मला आजही घाम फुटतो. "तीन दिवस न पडता चालवेल तो," ती साहेबांना म्हणाली. "घरून मोठी बादली देते."

अशा तीन फेऱ्या मिळाल्या. पण नवीन चारशे बारा माणसांचा प्रत्येकी एक कागद भरायचा होता, आणि त्यातला एक वरच्या मजल्याचा होता. बाईंनी तो टपालापुढे धरला. टपालाने आयुष्यात पहिल्यांदा हात मागे घेतले. "हे टपाल मी नेणार नाही," तो म्हणाला.

बाई जिना चढल्या. हे सगळं नणंदबाईंनी स्वतः मला सांगितलं आहे, त्यामुळे यात माझं काही नाही. दार उघडंच होतं. बाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"ये," नणंदबाई यंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या. "नाव कापायला आलीस की घालायला?"

"घालायला."

"म्हणजे कापलं होतंस."

"नाही, ताई."

"लोक म्हणतात मुद्दाम कापलंस."

आता इथे बाईंना खोटं बोलता आलं असतं. साहेबांवर ढकलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मुद्दाम नाही. विसरले."

नणंदबाईंचा पाय यंत्रावरून खाली आला. त्या बाईंकडे बघतच राहिल्या. "विसरलीस?" त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी तुझ्या डोक्यावर चालतेय. तू खोकलीस तर मला कळतं. तुझी भाजी करपली की आधी मी खिडकी लावते. आणि तू मला विसरलीस?"

बाईंनी हातातला कागद दुमडला, पुन्हा उलगडला.

"मुद्दाम कापलं असतंस तर बरं वाटलं असतं मला," नणंदबाई म्हणाल्या, आणि यंत्राच्या कडेला डोकं टेकून बसल्या. "मी येत नाही. जा."

बाई गेल्या नाहीत. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी खिडकीत करायच्या तेच केलं. कागद कापडाच्या ढिगावर ठेवला, पेन काढलं आणि विचारलं, "वय?"

"तुला माहीत नाही?"

"अठ्ठावन्न."

"सत्तावन्न. एवढं तरी नीट लिही."

"आजार?"

"भावजय."

बाईंनी 'काही नाही' लिहिलं. "जिना स्वतः उतरता येतो?"

"उतरता येतो. उतरत नाही, एवढंच."

"बोटीत बसण्याची भीती?"

"असा प्रश्न आहे त्यात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मीच विचारतेय." आणि मग त्यांनी कप्तानांची गोष्ट सांगितली, पोत्यांसकट आणि बादलीसकट. नणंदबाईंनी दोनदा विचारलं, "आपला कप्तान? सुकाणूवाला?" तिसऱ्यांदा त्यांनी काहीच विचारलं नाही. दोन्ही हात तोंडावर धरून त्या हलत होत्या, आणि त्या हसतायत की रडतायत ते बाईंना समजेना.

"जवळचं नातेवाईक कोण?" बाईंनी शेवटचा रकाना विचारला.

"खालची," नणंदबाई म्हणाल्या. "लिही."

भोंगा त्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी झाला. आराखडा आम्ही सगळ्यांनी वाचला होता, आपापली फेरी पाठ केली होती, तरी भोंगा वाजला तेव्हा बेटावर कोणीच हललं नाही. हातात झाडू असलेला माणूस झाडूच धरून उभा, दुकानदार तागडी धरून उभा. मग बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडून पहिला नंबर पुकारला, आणि पाय सुटले.

जिना उतरता येतो, असं कागदावर होतं, म्हणून नणंदबाई शेवटच्या, पंधराव्या फेरीत. बाई आणि टपालही त्याच फेरीत. कप्तान तीन दिवसांत निम्मे झाले होते. सुकाणूपाशी इंजिनवाल्याने बादली धरलेली. नणंदबाईंनी फळीवर पाय ठेवला, मागे घेतला, पुन्हा ठेवला. कोणी घाई केली नाही. खाली पाणी हलत होतं.

मी त्याच फेरीत, त्यांच्या मागच्या बाकावर होतो. बोट सुटली तशी नणंदबाईंनी डोळे मिटले आणि बाईंचं मनगट असं धरलं की बाई कळवळल्या.

"किती वेळ?"

"पन्नास मिनिटं."

"बोलत राहा काहीतरी."

बेटावर सगळ्यांत जास्त बोलणारी ही बाई, अकरा वर्षांचं साठलेलं, आणि तिला एक शब्द सापडेना. मागे बेटाच्या बाजूला एक मोठा दणका झाला, मग दुसरा. बोटीत कोणी ओरडलंसुद्धा नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले होते.

"बोल ना गं!" नणंदबाई म्हणाल्या.

"नळ मीच उघडा ठेवला होता," बाई म्हणाल्या.

नणंदबाईंनी डोळे उघडले. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पुढे बोल."